छप्पन्न किलोमीटरची पीजे, एका खोलीत

पाचोरा ते जामनेर ५६ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, जुन्या हिशेबानं अडीच फूट. अधली स्टेशनं वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. वेळ दोनेक तास. जळगाव जिल्ह्याच्या या पट्ट्यात गाडीचं पूर्ण नाव घ्यायची गरज कुणाला पडली नाही. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तिला 'पीजे' म्हटलं, आणि तेवढं पुरलं.

पहिलं महायुद्ध सरत होतं त्या सुमाराला, १९१८-१९ मध्ये, हा मार्ग सुरू झाला. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मोठा रेल्वेमार्ग पाचोऱ्यावरून गेला होता, पण जामनेर-शेंदुर्णीच्या काळ्या जमिनीतला कापूस तिथवर बैलगाडीनं आणावा लागे. ते काम या छोट्या गाडीनं हलकं केलं. पुढे कापूस ट्रकनं जाऊ लागला आणि पीजे माणसांची गाडी झाली: बाजाराला निघालेली, शाळा-कॉलेजला जाणारी, माहेरी निघालेली माणसं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या, तशी तीही थांबली. बाकीच्या बहुतेक पुन्हा निघाल्या. पीजेच्या रुळांच्या जागी ब्रॉडगेज टाकून मार्ग जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायचा, असा ८४ किलोमीटरचा प्रकल्प मंजूर झाला.

ब्रॉडगेज यायलाच हवं. पाचोऱ्याला गाडी बदलून, सामान डोक्यावर घेऊन दुसऱ्या फलाटावर धावण्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, आणि जामनेरच्या शेतकऱ्याचा माल थेट मोठ्या मार्गावर चढत असेल तर तो चढलाच पाहिजे. प्रश्न उरतो तो जुन्या गाडीचं काय करायचं याचा. इंजिन रंगवून चौकात उभं करणं हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग. माझं म्हणणं वेगळं आहे. पीजेचं मॉडेल करावं. नुसत्या गाडीचं नाही, तर रूळ, स्टेशनं, फाटकं, मोऱ्या, जिनिंगच्या शेडी, बाजार आणि गल्ल्या यांच्यासकट, मोजून आणि प्रमाणात. मॉडेल रेल्वेच्या छंदात याला लेआउट म्हणतात. खानदेशच्या लेआउटसाठी लागणारं बहुतेक सगळं आज आपल्या हाताशी आहे, आणि त्यातलं काही थोड्याच दिवसांत नसेल.

आधी गणित. जगात सर्वांत जास्त चालणारं मॉडेलचं प्रमाण १:८७, त्याला 'एचओ' म्हणतात. खऱ्या जगातले ८७ सेंटिमीटर म्हणजे मॉडेलमधला एक. या मापाचा बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजसाठी बेतलेला आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ नं भागलं तर १९.३ येतात. म्हणजे भारतातली मुख्य लाइन तयार रुळांवर मांडली की ती जवळजवळ तीन मिलिमीटरनं अरुंद दिसते, आणि पाहणाऱ्याला नेमकं कळलं नाही तरी काहीतरी खटकत राहतं. आता पीजेचे ७६२ घ्या. ८७ नं भागा: ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ सहज मिळतो, कारण 'एन' नावाच्या, १:१६० प्रमाणाच्या आणखी लहान मॉडेलांना तोच लागतो. फरक पाव मिलिमीटरचा. जगभरची कारखानदारी आपल्या मोठ्या गाडीच्या मापाला जुळत नाही, पण पाचोरा-जामनेरला जुळते.

युरोपातले छांदिष्ट याच योगायोगावर काम करतात. 'एन' मापाच्या इंजिनाची चाकं-मोटर असलेली खालची चौकट घ्यायची आणि तिच्यावर १:८७ मापाचं अडीच फुटी गाडीचं अंग बसवायचं. आपल्यालाही तेच करावं लागेल. पीजेवर शेवटी धावणारी झेडडीएम जातीची डिझेल इंजिनं दुकानात तयार मिळण्याजोगी नाहीत. त्यांचं वरचं अंग स्टायरीनच्या पातळ पत्र्यातून कापावं लागेल किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढावं लागेल. रूळ मात्र जसाच्या तसा वापरला तर फसगत होते. 'एन'चे स्लीपर बारीक आणि दाट असतात, नॅरोगेजचे मोठे आणि विरळ. डोळ्याला गेज कळायच्या आधी स्लीपर कळतात. ते हातानं कापून बसवण्याला पर्याय नाही.

ज्यांना नजरेचा त्रास आहे त्यांनी १:४८ चा विचार करावा. अमेरिकेत या प्रमाणात तीस इंची गेजची मॉडेलं करणारा मोठा वर्ग आहे, आणि तीस इंच म्हणजेच आपले ७६२ मिलिमीटर. तिथे चाकांखाली एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ चालतो. माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो, त्याच्या डोक्यावरची टोपी आणि हातातली पिशवीही रंगवता येते. जागा मात्र जवळपास दुप्पट लागते.

जागेचंच पुढचं गणित. ५६ किलोमीटरना ८७ नं भागलं तर ६४४ मीटर. एवढं घर कुणाचं नसतं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन भिंतींना लागून दीड-दोन फूट रुंदीची फळी टाकली तर बावीस फूट लांबी मिळते, म्हणजे खऱ्या जगातले सुमारे ५८० मीटर. छप्पन्न किलोमीटरमधला शंभरावा भाग. उरलेले नव्व्याण्णव भाग कोणते सोडायचे, हा लेआउटमधला सर्वांत अवघड निर्णय आहे, आणि तो मार्ग ओळखणाऱ्या माणसालाच घेता येतो.

असं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून उभं राहिलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. एका दालनात अख्खं शहर आहे: रस्ते, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या गाड्या. खेळ सुरू असताना दालनातला उजेड कमी होत जातो, शहरात रात्र होते आणि घराघरांत दिवे लागतात. लहान मुलं तिथं श्वास रोखून पाहतात, मोठी माणसंही. भारतात, मराठी माणसाच्या हातून, इतक्या निगुतीनं आणि टिकाऊ रीतीनं हे होऊ शकतं, याचा तो पुरावा आहे. त्यातल्या शहराचं वळण बव्हंशी युरोपी आहे, कारण मॉडेलची घरं, झाडं, माणसं तिकडेच बनत. आपल्याकडचं निमशहरी गाव, धाब्याच्या घरांचं आणि कापसाच्या गाड्यांचं, अजून कुणीतरी करायचं आहे.

दुसरा दाखला तर खानदेशातलाच. चाळीसगाव स्टेशनजवळच्या बंगल्यात राहणारे केकी मूस यांचं नाव छायाचित्रकार म्हणून जगभर गेलं. वर्षानुवर्षं ते घराबाहेर पडले नाहीत, आणि रात्री पंजाब मेल येऊन जाईपर्यंत कुणाची तरी वाट पाहत, ही गोष्ट चाळीसगावात आजही सांगितली जाते. त्या गोष्टीमुळे त्यांचं काम थोडं झाकलं गेलं आहे. मूस यांची खासियत होती 'टेबलटॉप' छायाचित्रण: टेबलावर घरगुती वस्तूंमधून एखादा देखावा रचायचा, त्यावर असा प्रकाश टाकायचा आणि कॅमेरा अशा उंचीवर ठेवायचा की फोटो पाहणाऱ्याला तो खराखुरा मुलूख वाटावा. १९८९ मध्ये ते गेले. त्यांचं घर आणि संग्रह चाळीसगावात कलादालन म्हणून जपलेला आहे. लेआउट करणाऱ्यानं फळीला पहिला खिळा ठोकण्याआधी तिथे जावं. तिथे शिकण्याची मुख्य गोष्ट म्हणजे नजरेची उंची. बहुतेक हौशी लोक लेआउट जेवणाच्या टेबलाएवढ्या उंचीवर करतात आणि मग गाव विमानातून पाहिल्यासारखं दिसतं. तीच फळी छातीच्या उंचीवर, साडेचार फुटांवर नेली की पाहणाऱ्याची नजर ओट्यावर बसलेल्या माणसाच्या जवळ येते, स्टेशनची भिंत समोर उभी राहते, इंजिन वळणाआडून येतं.

परदेशातलं एक उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये इंग्लंडला आला आणि बर्कशायरकडच्या खेड्यांत रमला. गवती छपरांची जुनी घरं त्याच्या डोळ्यांदेखत पडत होती किंवा त्यांवर नवे पत्रे चढत होते. थांबवणं त्याच्या हातात नव्हतं, म्हणून त्यानं ती मोजून कागदी पुठ्ठ्यात करायला घेतली. भिंतीचा रंग, कौलांचा झिजलेपणा, परसातली भाजी, सगळं खऱ्यावरून. एकेका घराला शेकडो तास गेले. त्यातून लाँग विटनम गावात १९५४ मध्ये पेंडन संग्रहालय उभं राहिलं, आणि त्याच्या मागे इतरांनी ते काम सुरू ठेवलं. १९३० च्या आसपासचा तो सगळा मुलूख आज तिथं रेल्वेसकट १:७६ प्रमाणात पाहता येतो. हॅम्बुर्गचं 'मिनिएचर वंडरलँड' आकारानं कितीतरी मोठं आहे, २००१ पासून लाखो लोक ते पाहून गेले. पण तिथून माणूस थक्क होऊन बाहेर येतो, आणि पेंडनमध्ये एका विशिष्ट गावाचा एक विशिष्ट काळ कळतो. पीजेला दुसरं हवं.

बार्शीचाही एक धागा आहे. अडीच फुटी गेज खरोखर जड माल वाहू शकतं, हे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्यानं बार्शी लाइट रेल्वेवर सिद्ध केलं. ती १८९७ मध्ये धावू लागली. इथे जे जमलं तेच घेऊन त्यानं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाइन उभी केली. ती १९०४ मध्ये सुरू झाली, तीस वर्षांत, १९३४ मध्ये, बंद पडली. रूळ उखडून त्या जागी चालायची वाट झाली. पण इंग्लंडातल्या मॉडेलकारांनी तिला सोडलं नाही; तिची इंजिनं, डबे, स्टेशनं पुन्हा पुन्हा होत राहिली. सोलापूरच्या माळावर घडलेल्या विद्येची लेक तिकडे अशी जपली गेली.

तर पीजेचा शंभरावा भाग कोणता घ्यायचा? माझी निवड तीन देखाव्यांची आहे: पाचोरा, पहूर किंवा शेंदुर्णी यांपैकी एक, आणि जामनेर.

पाचोरा सोडता येणार नाही, कारण दोन गेजची गाठ तिथंच पडते. मुख्य लाइनवरून धडधडत जाणारी मालगाडी आणि बाजूला उभी असलेली छोटी गाडी एकाच नजरेत दिसली की ७६२ मिलिमीटर म्हणजे काय, ते आकड्याशिवाय कळतं. इथला ब्रॉडगेजचा तुकडा हातभरच लागेल, त्यामुळे तो १९.३ मिलिमीटरवर हातानं टाकावा. आळस करू नये. मधल्या स्टेशनसाठी मन शेंदुर्णीकडे ओढतं. त्रिविक्रमाचं मंदिर, कार्तिकातला रथ, यात्रेची गर्दी, सगळं हौसेला खाद्य देणारं. तरी मी पहूर घेईन. जळगावहून अजिंठ्याला जाणारा रस्ता पहूरमधून जातो, लेण्यांखालून वाहत येणारी वाघूर तिथूनच पुढे येते. रस्ता, नदी आणि रूळ एकाच ठिकाणी आले की मॉडेलमध्ये गाव आपोआप उभं राहतं. जामनेर टोकाचं स्टेशन म्हणून हवं. त्याचं कारण पुढे येतं.

दिशेचाही विचार आधीच व्हावा. जामनेरकडे जाताना अजिंठ्याचे डोंगर उजव्या हाताला, दक्षिणेला राहतात. मागच्या भिंतीवर ते रंगवायचे असतील तर पाहणारा उत्तरेकडे उभा असला पाहिजे, म्हणजे पाचोरा त्याच्या उजवीकडे आणि जामनेर डावीकडे. डोंगर अगदी फिके, खाली, सपाट माथ्याचे रंगवायचे. नवशिके तिथे सह्याद्रीचे कडे काढतात आणि खानदेश हरवतो. आपला मुलूख बहुतांशी आभाळाचा आहे.

महिना कार्तिक. कापसाची बोंडं फुटलेली, बांधावरचं गवत पिवळं पडू लागलेलं, ज्वारी कापून झालेली. काळ कुठला, यावर मतभेद होतील. वाफेच्या इंजिनाचा मोह मोठा आहे, पण मी पीजेची शेवटची वर्षं धरीन, कारण ती मोजता येतात. त्या काळचे फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत, ती चालवणारे, तिच्या फाटकावर उभे राहिलेले लोक हयात आहेत. अंदाजानं केलेल्या १९३० पेक्षा मोजून केलेलं २०१५ अधिक मोलाचं.

आता गाव. खानदेशी गावाची ओळख छपरात आहे. धाब्याचं घर म्हणजे लाकडी तुळया-सऱ्यांवर आडवी लाकडं, त्यावर पालापाचोळा आणि वर मातीचा जाड थर. पाणी जायला किंचित उतार, बाहेर डोकावणारी पन्हळी. कोकणासारखं उतरतं कौल नाही, त्यामुळे वरून पाहिलं तर गाव म्हणजे मातीच्या चौकोनांची नक्षी. त्या चौकोनांत मधूनच स्लॅबचं नवं घर, त्यावर काळी पाण्याची टाकी, डिश अँटेना, वर उभ्या सोडलेल्या सळया, कारण धाकट्याचं लग्न झालं की मजला चढवायचा आहे. या सळया मॉडेलमध्ये आल्याच पाहिजेत. पातळ तांब्याच्या तारा कापून लावल्या की होतात, पाच मिनिटांचं काम, आणि त्यांच्यामुळे घर कुणाचं तरी होतं. भिंतीचा निळा-हिरवा चुना खाली ओलीमुळे पोपडलेला असतो. तेवढा पट्टा वेगळा रंगवावा. जिनिंगची शेड लांब, पत्र्याची. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल फणीच्या दातांवर दाबली की पन्हाळी पत्रा तयार होतो. शेडच्या दाराशी, पत्र्याच्या कडांवर, शेजारच्या बाभळीच्या काट्यांवर कापसाचे धागे अडकलेले हवेत. गिरणीच्या आवारात कापूस कुठे कुठे जाऊन बसतो, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच ते सुचेल.

गल्ल्यांच्या बाबतीत धुळ्याचा धडा घ्यावा. खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं १८१९ च्या सुमाराला धुळं हे मुख्य ठाणं ठरवलं आणि जुन्या गावाला लागून सरळ, समांतर गल्ल्यांची नवी पेठ आखली. आजही धुळ्यात पत्ता सांगताना गल्ली नंबर येतो. पाचोरा, जामनेर, पहूर अशी आखलेली नाहीत. ती वाढत गेली. जुन्या गल्ल्या वाकड्या, मध्येच रुंद, मध्येच गाडी अडेल इतक्या चिंचोळ्या, आणि स्टेशनकडे जाणारा एकच रस्ता त्यातल्या त्यात सरळ. ज्या धुळेकरांना लेआउट करायचा असेल त्यांनी पीजेच्या मागे न लागता आपलंच स्टेशन घ्यावं, असं मी सुचवेन. चाळीसगाव-धुळे शाखा १९०० मधली, ब्रॉडगेज, आणि तिचं टोक म्हणजे धुळं. अंतरही पीजेएवढंच. मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. टोकाचं स्टेशन म्हणून धुळ्याचे हे शेवटचे दिवस आहेत.

माती इथलीच वापरावी, पण तयारी करून. कपाशीची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की फाटते; खऱ्या शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. फेविकॉलच्या पाण्यात कालवून फळीवर थापली तर तेच होतं. म्हणून खाली प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्यावा, तो काळसर तपकिरी रंगवावा, आणि ओल्या रंगावर वस्त्रगाळ केलेली माती भुरभुरावी. त्याआधी माती तव्यावर भाजून घ्यावी, म्हणजे किडे आणि बीज मरतं. मग तिच्यातून लोहचुंबक फिरवावा. ही पायरी परदेशी पुस्तकांत असते, पण दख्खनमध्ये ती टाळताच येणार नाही: आपल्या काळ्या पाषाणात चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाचे कण भरपूर असतात, पाषाण झिजून झालेल्या मातीत ते उतरतात, आणि लेआउटवर सुटले तर इंजिनाच्या मोटरमधला चुंबक त्यांना आत ओढून घेतो. महिनाभरात इंजिन अडखळू लागतं आणि कारण सापडत नाही.

रुळांखालची खडी खऱ्या जगात साधारण ५० मिलिमीटरची, म्हणजे १:८७ मध्ये अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी, बारीक रव्याएवढी. खडी क्रशरजवळची कच चाळून घेतली तर रंगही आपला येतो. ती ब्रशनं स्लीपरांमध्ये पसरायची, वरून फेविकॉलचं पातळ पाणी ड्रॉपरनं सोडायचं, त्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा. थेंब टाकला नाही तर पाणी खडीवर गोळा होऊन राहतं आणि खडी त्याच्याबरोबर वाहते. झुडपांना वाळलेल्या गिलक्याची जाळी उत्तम. बांधावरच्या गवताला सुतळीचे कापलेले धागे. बाभळीला तारेचं पिळलेलं खोड आणि अगदी विरळ पाला, निंबाला दाट. केळीचं झाड साडेतीन सेंटिमीटरचं होईल, पानं कागदाची, आणि वाऱ्यानं फाटलेली दाखवायला विसरू नये.

उन्हाळा हा इथला खरा शत्रू. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. डिसेंबरच्या थंडीत टाकलेल्या रुळाचं तापमान मेपर्यंत तीस अंशांनी वाढलं तर मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढ होते. सात मीटरच्या मार्गावर साडेतीन मिलिमीटर. सांध्यांत फट सोडली नसेल तर रूळ उचलला जातो किंवा वाकतो, अगदी खऱ्या रेल्वेसारखा. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं ते वेगळंच, म्हणून फळीच्या कडांना आणि खालच्या बाजूलाही रंग हवा. आणि धूळ. गाडी बारा व्होल्टच्या विजेवर चालते, वीज रुळांतून चाकांत जाते, मध्ये धुळीचा थर आला की इंजिन जागेवर थांबतं. लेआउटला काचेचं किंवा प्लास्टिकच्या पडद्याचं झाकण नसेल तर खानदेशात तो एक उन्हाळा टिकणार नाही.

एवढं करून गाडी वेगानं पळवली तर सगळं व्यर्थ. पीजे ताशी तीसेक किलोमीटरनं चालायची. १:८७ मध्ये तो वेग सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर येतो. बावीस फुटांचा मार्ग पार करायला सव्वा मिनिट लागलं पाहिजे. खेळण्यातलं इंजिन एवढं हळू चालू शकत नाही, झटके देतं. त्यासाठी चांगल्या गिअरची मोटर घ्यावी लागते, आणि खर्च करायचा असेल तर तो इथे करावा. इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देणारी डिजिटल यंत्रणा नंतर घेता येते.

जामनेरचा देखावा याच संथपणासाठी हवा. टोकाच्या स्टेशनवर गाडी आली की इंजिन भिंतीकडच्या बाजूला अडकतं. मग ते सोडवायचं, थोडं पुढे न्यायचं, सांधा बदलायचा, शेजारच्या लूप लाइनवरून डब्यांच्या बाजूनं मागे आणायचं, पुन्हा सांधा बदलायचा आणि दुसऱ्या टोकाला जोडायचं. पाच-सहा हालचाली, त्या ठरल्या क्रमानंच झाल्या पाहिजेत. फलाटावर उतरलेली माणसं पांगेपर्यंत गाडी परतीला तयार. जगातले मॉडेलकार गोल फिरणाऱ्या गाडीला लवकर कंटाळतात आणि टोकाच्या स्टेशनावर वर्षानुवर्षं रमतात, त्याचं कारण या हालचाली. मुलांच्या हातात कंट्रोल दिला की रेल्वे कशी चालते ते त्यांना सांगावं लागत नाही.

हे सगळं घडायचं असेल तर पहिलं काम मोजमापाचं आहे, आणि ते थांबण्याजोगं नाही. गेज बदलताना जुनी स्टेशनं, फलाट, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या, क्वार्टर्स यांतलं काय राहील, हे कामाच्या सोयीवर ठरतं. फोटो पुरेसे नाहीत. फोटोत स्टेशनची एक भिंत दिसते, मॉडेलला चारही लागतात. दर दहा सेंटिमीटरला आलटूनपालटून काळी-पांढरी रंगवलेली दोन मीटरची काठी भिंतीला टेकवून प्रत्येक बाजूचा समोरून फोटो घ्यावा, म्हणजे घरी बसून माप काढता येतं. जिथे काठी पोचत नाही तिथे विटांचे किंवा दगडांचे थर मोजावेत. रंगाचा फोटो सावलीत घ्यावा. पिवळ्या पाटीवरच्या अक्षरांची उंची, समुद्रसपाटीचा आकडा, झाड कुठल्या जातीचं आणि स्टेशनपासून किती पावलांवर, बाकड्याचा पाय कसा आहे, हे वहीत लिहावं. जागा रेल्वेच्या मालकीची आहे, त्यामुळे आधी रीतसर परवानगी घ्यावी.

जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सर्वेक्षणाचा सराव करावाच लागतो. एका वर्षी तो पहूर किंवा जामनेर स्टेशनावर व्हावा. यांत्रिकीच्या मुलांनी इंजिन-डब्यांचे नकाशे करावेत. ते नकाशे ठेवायला धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. खानदेशचे जुने कागद तिथं जपले जातातच, त्यांत रेल्वेचेही जावेत. लेआउट पाचोऱ्यात व्हावा की जळगावात, पैसा कुणी घालावा, याची चर्चा नकाशे हाती आल्यावर करता येईल.

आणि ज्यांच्या घरी पीजेचा एखादा फोटो आहे, लग्नाच्या वऱ्हाडाचा, शाळेच्या सहलीचा, खिडकीत बसलेल्या बाळाचा, त्यांना एक विनंती. त्या फोटोत माणसांच्या मागे जे दिसतं, डब्याची कडी, फलाटाची कड, पाटीचा कोपरा, तेच मॉडेल करणाऱ्याला हवं आहे. फोटो स्कॅन करा, मूळ प्रत घरीच ठेवा, आणि पाठीमागे स्टेशनचं नाव व साल आजच पेन्सिलनं लिहून टाका. ते ज्यांना आठवतं, त्यांना या दिवाळीत विचारा.